डांगराचं लिंबूपाणी

सासरी मला वेगळं लिंबूपाणी मिळायचं. बाकी सगळे एकाच पातेल्यातलं प्यायचे, स्टीलच्या पेल्यांतून. माझं वेगळ्या भांड्यात घुसळलेलं असायचं आणि काचेच्या ग्लासातून यायचं. कुणी म्हणेल, जावयाची बडदास्त. मलाही तसंच वाटायला हवं होतं, पण मी पडलो संशयी, आणि त्या संशयाला घरचं खतपाणी होतं.

आम्ही साताऱ्याकडचे, बौद्ध. मी बुलढाण्याला कॉलेजात शिकवायला आलो आणि तिथेच शिकवणाऱ्या मुलीशी लग्न केलं. तिचं माहेर वरवट बकालचं, भाजीपाला पिकवणारं हिंदू घर. लग्न रजिस्टर झालं, सासरे आले नाहीत. पुढे फाल्गुनात सासूबाईंनी फोन करून आम्हाला बोलावलं, तेव्हा माझे वडील एवढंच म्हणाले, "जा. पाणी कशातून देतात तेवढं बघ." माझ्या आजोबांची कपबशी गावच्या हॉटेलात बाहेर वळचणीला खोचलेली असे. वडिलांनी ती लहानपणी रोज पाहिलेली. त्यामुळे मी त्या घरात गेलो तो आधी भांड्यांकडे बघतच.

पहिल्या दिवशी गडबड झाली ती अशी. बायको आत मैत्रिणींच्या गराड्यात अडकलेली. बाहेरच्या खोलीत मी आणि सासरे, दोघंही पंख्याकडे बघत बसलेलो. सासूबाईंनी दारातून विचारलं, "जावईबापू, डांगराचं लिंबूपानी करू का? आज सकाळीच वावरातून आनलं यायनं." यायनं म्हणजे सासऱ्यांनी.

आता आमच्याकडे डांगर म्हणजे लाल भोपळा. त्याची भाजी करतात, फार तर घारगे. उकडलेल्या भोपळ्यावर लिंबू पिळलेलं डोळ्यांसमोर आलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको नको, डांगर मला चालत नाही."

सासरे उठले. टोपी उचलली आणि निघून गेले. थोड्या वेळाने मला संत्र्याचा रस घातलेलं लिंबूपाणी आलं, काचेच्या ग्लासात. आतली मंडळी मात्र पातेल्यातलं पिवळसर, गर तरंगणारं काहीतरी मिटक्या मारत पीत होती. भोपळाच असणार, म्हटलं, यांची आवड यांना लखलाभ.

पण त्यानंतर प्रत्येक खेपेला तेच. कधी द्राक्षं चुरडून घातलेलं, कधी डाळिंबाचं लालभडक. चवीला इतकं सुरेख की मागून घ्यावंसं वाटे, पण मागायचं कसं? माझ्यासाठी म्हणून एकच ग्लास केलेला. तो धुण्याची तऱ्हाही वेगळी. पेले सगळे एका टोपल्यात जायचे, माझा ग्लास सासूबाई स्वतः बाहेरच्या नळावर नेऊन धुवायच्या. काच फुटू नये म्हणून? की? त्या "की?"च्या पुढे मला जाता येईना आणि मागेही फिरता येईना. सासूबाई प्रेमाने वाढायच्या, ते तर खोटं नव्हतं. सासरे "बसा" आणि "या" यापलीकडे बोलायचे नाहीत, तेही खोटं नव्हतं. मान म्हणावा तर बोच लागायची, अपमान म्हणावा तर डाळिंबाचे दाणे सोलून सोलून सासूबाईंची बोटं लाल झालेली दिसायची. डोक्याचा पार भुगा झाला.

परतीच्या बसमध्ये एकदा बायकोला विचारलंच. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लाड करून राह्यली आई तुझे, तर त्यातही तुले खोट दिसते. काऊन इतका विचार करतं बे?" तिचा आवाज मात्र कापरा होता. तिलाही तीच भीती वाटत असावी, असं मला वाटलं आणि मी आणखीच घाबरलो.

वैशाखात गेलो तेव्हा मायलेकी शेजारच्या हळदीला गेल्या होत्या आणि सासरे वावरात. तहानेने जीव कासावीस झाला. त्या घराच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं, तेही कुणी बघत नाही ना ते पाहून. कोपऱ्यात टोपलीभर खरबुजं होती. वासानेच कळत होतं, पिकून तयार आहेत. एक कापलं. बियांभोवतीचा रस गाळून घेतला, गर रवीने घुसळला, दोन लिंबं पिळली, साखर, जिरेपूड, चिमूटभर काळं मीठ, माठातलं पाणी. मुद्दाम त्यांच्याच पातेल्यात केलं आणि मुद्दाम स्टीलच्या पेल्यात ओतलं. हट्ट म्हणा हवं तर.

पहिला घोट घेतला आणि दारात सासरे.

पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुमाले त डांगर चालत नाही ना?"

"हे खरबूज आहे, मामा."

"हे डांगर हाये."

"डांगर म्हणजे मोठं, लाल... भाजी करतात ते."

"ते त कोहळं!"

आम्ही दोघंही त्या फोडींकडे बघत उभे राहिलो. बुलढाण्याच्या बाजारात बायको माझ्याशी खरबूजच म्हणायची, मग मला कळणार तरी कसं?

सासरे चौकटीला टेकले. "म्या सकाळी उठून, हुंगून हुंगून चांगलं पाहून आनलं होतं तुमच्यासाठी. तुमी म्हनले, चालत नाही. मले वाटलं, आमच्या घरचंच तुमाले चालत नाही. लग्नाले म्या आलो नाही, त्याचा राग काढून राह्यले."

मग जे इतके दिवस मनात होतं तेच बाहेर पडलं. "मला वाटत होतं, मी तुम्हाला चालत नाही."

ते नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पुढे आले, माझ्या हातातला पेला घेतला, तोंडाला लावून अर्धा संपवला आणि परत माझ्या हातात दिला.

"मीठ कमी हाये बे," म्हणाले आणि पाय धुवायला नळाकडे गेले.

काचेच्या ग्लासाचं मी अजून कुणाला विचारलेलं नाही. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. नेहमीचंच विचारलं, "पाणी कशातून दिलं?"

"सासऱ्यांनी त्यांचं उष्टं दिलं," मी म्हटलं. "माझ्याच पेल्यातून पिऊन."

बाबा हळूच म्हणाले, "आणि तू?"

"पिऊन टाकलं."