कोचबाईंच्या खिडक्या

नागपूर-पुणे रातराणीत मला एकदा गाढ झोप लागली होती. एवढ्या भांडवलावर मी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या खेळाडूंचं नशीब ठरवून टाकलं. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते, गणित शिकवत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आता माझ्या चुका रोज पदरात घालायला नात आहे. तेव्हा घरात तसं कोणी नव्हतं.

जॉर्जियातलं आमचं कॉलेज त्या वर्षांत अंगानं भरत होतं. नवे खेळ आले, नवं मैदान झालं आणि कोणत्या कॉन्फरन्समध्ये जायचं, हा प्रश्न उभा राहिला. कॉन्फरन्स म्हणजे वर्षभर आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. एकीकडे शेजारपाजारची छोटी कॉलेजं होती, सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला परत येता येईल अशी. दुसरीकडे चार राज्यांत पसरलेली बडी मंडळी. तिथं टीव्ही होता, नाव होतं. समितीवर प्राध्यापकांची प्रतिनिधी म्हणून मी होते. खेळातलं मला काहीच कळत नव्हतं, त्यामुळे मत ठाम होतं.

मुलींच्या सॉकरच्या कोचबाई समितीसमोर आल्या. उंच, खांद्यात किंचित वाकलेल्या, गळ्यात शिट्टी. ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. बाई नुसत्या बघायच्या आणि मुली धावायला लागायच्या. अध्यक्षांनी नकाशांवर नकाशे दाखवले, भविष्याची चित्रं रंगवली. बाईंनी एकच विचारलं, "मॅच संपल्यावर मुली झोपणार कुठे?"

अध्यक्ष पुन्हा नकाशा उलगडू लागले. मग गणिताची विदुषी म्हणाली, बसमध्ये. आणि मी रातराणीचं माहात्म्यच लावलं. रात्री बसायचं, सकाळी उतरायचं, तोंड धुतलं की दिवस मोकळा. वर्ग बुडत नाही, हॉटेल लागत नाही, आम्ही सगळे असेच शिकलो. अध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांना हवं असलेलं उत्तर मी सातासमुद्रापलीकडून आणून दिलं होतं. बडी मंडळी जिंकली. रातराणीतून उतरल्यावर मी मावशीकडे दुपारपर्यंत घोरत पडले होते, हे समितीला सांगायचं राहिलं. आणि बसमध्ये चढण्याआधी मी नव्वद मिनिटं धावलेही नव्हते.

बाई रुसल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्या ड्रायव्हरशेजारी उभ्या राहून त्याच्याशी बोलत राहायच्या. पहाटे बस कॉलेजात आली की पार्किंगमध्ये उभ्या राहून वसतिगृहाकडे बघायच्या. एकेक खिडकी उजळायची. शेवटची उजळली की स्वतःशीच म्हणायच्या, "आल्या सगळ्या," आणि मगच आपल्या गाडीत बसायच्या. मी तेव्हा फिरायला निघालेली असायचे. जाता जाता हात करायचे. मनात म्हणायचे, काय ही शिस्त!

त्यांची गोलकीपर माझ्या वर्गात होती. एका सकाळी ती फळ्याकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून झोपली होती. मी टोमणा मारला, "रात्रभर होतीस कुठे?"

"बसमध्ये, मॅम."

माझंच उत्तर मला परत मिळालं होतं.

त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर बसमध्ये चढले. येताना मुली काचेला डोकं टेकून बसल्या होत्या. कुणाच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी, कुणाच्या मांडीवर पुस्तक. डोळे मिटलेले, पण झोपलेली एकही नाही. पुढे ड्रायव्हरशेजारी बाई उभ्या. मी म्हटलं, बसा की थोडा वेळ. त्या म्हणाल्या, "मी बसले तर झोपेन. मी झोपले तर हा झोपेल."

मी समितीत जाऊन माझं मत चुकलं म्हणून सांगितलं. सगळ्यांनी अदबीनं ऐकून घेतलं. तोवर मुली गळू लागल्या होत्या. गोलकीपर शिक्षण सोडून घरी गेली. तिच्या अंधाऱ्या खिडकीकडे बाई तरीही बघत राहायच्या आणि "आल्या सगळ्या" म्हणेनाशा झाल्या. पुढं कॉलेज मुकाट्यानं शेजाऱ्यांच्या कॉन्फरन्समध्ये परतलं. पण मुलींचा संघ तोवर बंद झाला होता आणि बाईंना निरोपाचा केक देऊन झाला होता.

आता मी जॉर्जियातच, अल्फारेटाला मुलाकडे असते. पहाटे बाहेर बस थांबल्याचा आवाज आला की उठून खिडकीशी जाते. काचेमागे टेकलेली डोकी दिसतात. नात म्हणते, "आजी, इट्स जस्ट द स्कूल बस. गो बॅक टु स्लीप." तीही सॉकर खेळते. तिला कॉलेजांचे फोन येतात, त्यांच्या कॉन्फरन्सची वर्णनं ऐकवली जातात. विचारायचा तो बाईंचा प्रश्न मी तिला देऊन ठेवला आहे. डोळे फिरवते, पण विचारते.

बाईंना शेवटचं भेटले ते वृद्धांच्या निवासात. त्या खिडकीशी खुर्चीत होत्या, गळ्यात शिट्टी नव्हती. मुली बसमध्ये झोपतील असं मीच म्हणाले होते, हे इतक्या वर्षांनी त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी माझा हात नुसता धरून ठेवला. समोरच्या इमारतीत दिवे लागत होते. एकच खिडकी अंधारी राहिली होती. तिच्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "आज तू बघ, प्रोफेसर. मी जरा झोपते."