मीच बंद केलेली मधली सुट्टी

मुलगी तिसरीत होती तेव्हा, २००५ च्या सुमारास, आम्ही अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात राहत होतो. नवरा कंपनीत, मी घरात. माझ्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. त्यामुळे माझी सगळी हुशारी लेकीच्या अभ्यासावर खर्च व्हायची, आणि लेक तर एका जागी बसेल तर शपथ! गणित अर्धं टाकून टेबलाखाली काहीतरी शोधत बसायची. मी ओरडायचे.

शाळेत भेटायला बोलावलं तेव्हा टीचरने आधी भरभरून कौतुक केलं. हिला किती कल्पना सुचतात, किती प्रेमळ आहे! इथल्या शिक्षकांची ही रीत एव्हाना मला ठाऊक झाली होती, म्हणून मी ‘पण’ची वाट बघत बसले. तो आलाच. लक्ष टिकत नाही, काम अपुरं राहतं. तुमची परवानगी असेल तर शाळेतल्या तज्ज्ञांकडून तिची तपासणी करून घेऊ या.

तपासणी म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. आमच्या घराण्यात असलं काही नाही! मग मी तेच बोलले, जे आमच्याकडे प्रत्येक आई बाईंना सांगत आली आहे: तिचे लाड करू नका, तुम्ही खुशाल कडक वागा, माझी काही तक्रार नाही. आमच्याकडे हे निम्मं सौजन्य असतं. बाई हसतात, आई हसते, विषय संपतो. ही टीचर हसली नाही. राहिलेलं काम रिसेसमध्ये, म्हणजे मधल्या सुट्टीत, करून घेतलं तर चालेल का, असं तिने विचारलं. “ऑफ कोर्स,” मी म्हणाले, आणि वर थँक यूही म्हणाले.

वर्कशीट पूर्ण होऊन घरी यायला लागल्या. लेक कुरकुर करत नव्हती. मी मैत्रिणींना फोनवर ऐटीत सांगायचे, “थोडं स्ट्रिक्ट व्हावंच लागतं, यार.”

पुढे एकदा शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं लावायला मदत हवी होती, म्हणून गेले. वाटेत तिचा वर्ग लागला. सगळी मुलं मैदानावर होती आणि माझी मुलगी आत एकटी. समोर कागद, पेन्सिल बाजूला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले, हलू नयेत म्हणून. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला हाकही मारवली नाही.

त्याच दिवशी मी टीचरला गाठून रिसेस परत द्यायला सांगितलं आणि तपासणीला होकार दिला. टीचरलाही बरं वाटलेलं दिसलं. यथावकाश तपासणी झाली, जे होतं त्याला नाव मिळालं, पेपरला जास्त वेळ मिळाला. आभाळ काही कोसळलं नाही.

पण रिसेस परत मिळाली त्या पहिल्याच दिवशी, ती बसमधून उतरताच मी विचारलं, “काय खेळलीस?”

“नथिंग.”

“का गं? तुझ्या मैत्रिणी नव्हत्या?”

“होत्या. पण त्यांचा गेम ऑलरेडी ठरलाय, आई. त्यात आता जागा नाहीये.”

माझा चेहरा बघून ती थांबली. मलाच समजावल्यासारखं म्हणाली, “इट्स ओके. मी टीचरला विचारलं, उद्यापासून मी आतच बसू का. शी सेड, इफ युअर मॉम सेज येस.”