बंद पडलेल्या क्लबच्या नऊ जर्सी

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला मी वर्क व्हिसावर लंडनमध्ये क्रॉयडनला होतो. घरात आम्ही तिघं: मी, माझ्याच ऑफिसातला पुण्याचा मित्र आणि वरच्या खोलीत पन्नाशीचा एक मेक्सिकन गृहस्थ. तो एका शाळेच्या किचनमध्ये काम करायचा. त्याच्याकडे त्याच्या गावच्या फुटबॉल क्लबच्या नऊ जुन्या जर्सी होत्या. रेल्वे कामगारांनी काढलेला तो क्लब आता उरला नव्हता. मालकाने लीगमधली जागाच दुसऱ्या शहराला विकली आणि एका उन्हाळ्यात नाव, रंग, मैदान सगळं संपलं. दर रविवारी तो जर्सी हाताने धुवून किचनभर वाळत घालायचा आणि एकेकीची हकिगत सांगायचा.

आम्हाला त्याचा वैताग यायचा. फोडणी द्यायची तरी आधी ओल्या जर्सी बाजूला साराव्या लागत.

मित्राने एक खोटा ईमेल आयडी काढला. बंद पडलेल्या क्लबांवर पुस्तक लिहिणारे एक इंग्लिश गृहस्थ आम्ही तयार केले. मेल मी लिहिला, माझं इंग्लिश बरं म्हणून. क्लबचा इतिहास लिहून आणा, जर्सीही आणा, लंडनच्या दुसऱ्या टोकाला, इल्फर्डच्या अमुक कॅफेत शनिवारी भेटू.

तो प्रिंटआउट घेऊन खाली आला. "कुणीतरी विचारलं बघ," एवढंच म्हणाला.

त्याने चौदा पानं लिहिली आणि तपासायला मला दिली. त्यातून मला कळलं, की हिरवी गोलकीपरची जर्सी त्याच्या भावाची होती. क्लब गेला त्याच वर्षी भाऊही गेला होता. पण भावाबद्दल त्याने सगळं वर्तमानकाळात लिहिलं होतं. मी लाल पेनाने त्याचा भूतकाळ केला आणि पानं परत दिली.

शनिवारी तो सूट घालून, बॅग घेऊन इल्फर्डला गेला. संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आला. कॅफेबाहेर कुणी म्हातारा थांबलेला दिसला की तो उठून विचारायला जायचा. असंच एकदा जाऊन आला, तर टेबलाखालची बॅग गायब. पानंही तिच्यातच होती.

"ते आजारी असतील म्हणून आले नाहीत," तो मला म्हणाला. "बॅग गेली ते त्यांना कळव. माझ्या वतीने माफी माग."

मित्र तोंड दाबत आपल्या खोलीत पळाला. मी माफीचा मेल लिहिला. तो आमच्याच इनबॉक्समध्ये आला. मित्राने लगेच उत्तर टाइप केलं: जर्सी नसतील तर भेटण्यात अर्थ नाही. मी शेजारीच बसलो होतो. त्याला अडवलं नाही.

त्या मेक्सिकन गृहस्थाने ते उत्तर उभ्यानेच वाचलं. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाला.

महिन्याभरात तो इल्फर्डला राहायला गेला. बॅग कुणी आणून दिली तर जवळ असावं म्हणून, त्या कॅफेच्या मागच्याच गल्लीत. जाताना इंग्लिश सुधारून दिल्याबद्दल त्याने माझे आभार मानले.

पुढे वर्षभर त्या खोट्या आयडीवर त्याचे मेल येत राहिले. कॅफेवाल्याला विचारलं, अजून पत्ता नाही. मी ते वाचायचो. उत्तर कधी दिलं नाही. मग माझी नोकरी बदलली, मी एजवेअरला गेलो, आणि त्या आयडीचा पासवर्ड विसरून गेलो.