मागच्या सीटवरची मामी

"गाडी विकायचीय. तू ते फोनवर टाकतेस ना, तसं टाकून दे," मामीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते आणि राग नेहमीप्रमाणे माझ्या नाकाच्या शेंड्यावर होता. "कुठली गाडी?" मी खेकसले. जणू यांच्या दारात चार गाड्या उभ्या होत्या.

गाडी एकच. मामाची काळी मोटरसायकल, चौदा वर्षांची. मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो. कपड्यांचे कारखाने, शिंप्यांची दुकानं, असं दिवसभर हिंडायचं आणि बंद पडलेलं मशीन चालू करून द्यायचं, हा त्याचा धंदा. सगळे त्याला 'मशीनवाले' म्हणतात. आणि मामीला काय म्हणतात? आमच्या घरात तिला 'शेपूट' म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं, आता लपवून काय करू.

त्याला कारणही होतं. मामी पूर्वी घरी बसून काज-बटणाचं काम करायची. हात असा चालायचा की बघत राहावं. अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी तिने ते काम सोडलं आणि मामाच्या गाडीवर मागे बसून त्याच्याबरोबर कामावर जायला लागली. रोज. अवजारांची बॅग मांडीवर घेऊन. आधी ती एका बाजूला पाय सोडून बसायची, तर आता स्वतः शिवलेली ढगळ पँट घालून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायला लागली. पंचेचाळिशीची बाई! माझी आई म्हणायची, "माझ्या भावावर पाळत ठेवतेय. कारखान्यात बायका असतात ना शिवायला." आम्ही खो खो हसायचो. मामी समोर असली तर तीही कसंनुसं हसायची आणि उठून भांडी आवरायला लागायची.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत सुटी केलेली दोन मशीनं, आणि दारासमोर ती गाडी. मामा आतल्या खोलीत रेडिओ लावून बसला होता. मामीने मला बाहेर पायरीवर बसवलं आणि आवाज खाली केला.

"त्यांच्या डोळ्यात काचबिंदू निघालाय. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितलीय, कायमची. आणि हे ऐकत नाहीत. एक किल्ली माझ्याकडे आहे, दुसरी कुठं दडवलीय देव जाणे. गाडी दारात आहे तोवर हे एक ना एक दिवस काढणार, आणि मग मला कुणीतरी बोलावून नेईल रस्त्यावर. सोमवारी कामावर काढणार म्हणतात, रविवारच्या आत जायला हवी गं ती."

 मी निमूटपणे फोन काढला.

जाहिरात लिहायला मात्र जीव खाल्ला तिने. मी लिहिलं, 'उत्तम स्थितीत, घरगुती वापर.' मामी म्हणाली, "घरगुती कशी? रोज चाळीस किलोमीटर पळते. खोटं कशाला?" मग तिने गाडीची दुखणी सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या गिअरला खोकते. गार हवेत दोनदा किक मारावी लागते. मागच्या सीटचा स्पंज डावीकडे बसलाय.

"मामी, तू कधी चालवलीस का ती?"

"मागे बसलं की सगळं कळतं," ती म्हणाली. "आणि फोटो उजव्या बाजूचा काढ. बघ, एक ओरखडा नाही."

खरंच नव्हता. डावीकडे थोडंफार खरचटलेलं होतं, उजवी बाजू शोरूममधून काढल्यासारखी. मी म्हटलं, मामा तिकडून जास्त पुसत असेल.

आतून मामाचा आवाज आला, "माझाही एक फोटो टाका त्यात. दोघांना एकदमच भंगारात द्या." आणि त्याने रेडिओ मोठा केला.

फोनवर गाडी विकायला काढणं म्हणजे काय ताप असतो, ते ज्याने काढलीय त्यालाच माहीत. तासाभरात अठ्ठावीस निरोप. 'आहे का?' आहे. पुढे काही नाही. 'शेवटचे किती?' अरे, पहिले किती ते तरी बोल! एकाने गाडीच्या बदल्यात जुना फोन आणि पोपटाचा पिंजरा देऊ केला. पोपट नाही, फक्त पिंजरा. एक जण म्हणाला, मी परगावी आहे, पैसे आत्ताच पाठवतो, तुम्ही फक्त हा चौकोन स्कॅन करून आकडा दाबा. मी दाबणारही होते. मामी मागून म्हणाली, "पैसे घेणारे आपण, मग दाबायचं आपण कशाला?" मी फोन खाली ठेवला. ही बाई साधी आहे असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. व्यायाम करून फुगवलेले दंड, डोळ्यांवर गॉगल. म्हणाला, "एक चक्कर मारून बघतो." मामी आत गेली आणि हेल्मेट घालून बाहेर आली. सरळ मागे बसली.

"मामी, हे काय?"

"गाडी घेऊन पळाला तर?"

त्या गड्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण गेला बिचारा. दहा मिनिटांनी परत आला तो गॉगल हातात घेऊन. "विचार करून सांगतो," म्हणाला आणि जो गेला तो गेला.

मग एक गणिताचे सर आले. त्यांच्याही मागे मामी बसली. परत आल्यावर सर माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, पण मामीकडे बघून त्यांनी ते गिळलं. तिसरा होता घरोघर पार्सल पोचवणारा एक गृहस्थ, चाळिशीचा, शांत. त्याला गाडीची खरी गरज होती, कारण त्याची स्वतःची गाडी अखेरच्या घटका मोजत होती. तोही हो-नाही न बोलता निघून गेला. संध्याकाळी मात्र त्याचा निरोप आला: 'ताई, गाडी आवडली. पण काकू चालवू देत नाहीत. सारख्या पायाने ढोसतात.'

शुक्रवार उजाडला होता. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तडक मामीकडे गेले.

"तुला विकायचीय की नाही? लोकांना ढोसतेस? म्हातारपणी खेळ सुचतायत?"

"मी? नाही गं," ती म्हणाली. आणि खरं सांगते, तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावरून कळत होतं.

"बस मागे. मीच बघते तू काय करतेस ते."

मला मोटरसायकल येते, वडिलांनी शिकवली होती. आम्ही निघालो. गल्ली संपते तिथे मोठा रस्ता आडवा येतो आणि कोपऱ्यावर नेहमी एखादा ट्रक उभा असतो. मी वळणार, एवढ्यात माझ्या उजव्या मांडीला मागून तिच्या गुडघ्याचा दाब बसला. एकदाच. ठाम. मी का थांबले ते मला सांगता येणार नाही, पण थांबले. ट्रकच्या आडून एक पांढरा टेम्पो सणसणत माझ्या पुढच्या चाकासमोरून गेला.  मग गुडघा पुन्हा लागला, हलकेच, दोनदा. आणि मी निघाले. रस्ता मोकळा होता.

पुढे तेच. एक दाब, उजवीकडून कुणीतरी येतंय. दोन, जा. पाठीवर पंजा टेकला, की डावीकडेच राहा. पुढच्या वळणावर गाडी पूर्ण थांबवून मी मुद्दाम उजवीकडे बघितलंच नाही. नुसती थांबून राहिले. एक सायकल गेली, एक मोटार गेली, आणि मग दोन दाब आले.  ती ढोसत नव्हती. ती बघत होती, माझ्यासाठी.

एका बंद दुकानाच्या पायरीशी मी गाडी लावली.  "मामी, हे काय आहे? खरं सांग."

तिने पायरीवर बसून हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं. त्याच्या पट्ट्याशी चाळा सुरू केला.

"त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली. जोरात मशीन चालवून बघत होते, सुई तुटली आणि तुकडा डोळ्यात उडाला. बाहेरून काही कळत नाही, डोळा तसाच दिसतो. पण एका डोळ्याच्या मेकॅनिकला कोण बोलावणार? सुईत दोरा कसा ओवणार म्हणतील. म्हणून कुणाला सांगितलं नाही. दोरा मी ओवायचे. बारीक स्क्रू मी धरायचे. लोक म्हणायचे, बायको बॅग उचलायला येते."

"आणि गाडी?"

"गाडी तेच चालवायचे. उजवी बाजू माझी." ती हे असं म्हणाली, जसं कुणी म्हणावं की घरातलं पाणी मी भरायचे. "आधी मी ओरडून सांगायचे. हेल्मेटमधून ऐकू जाईना. आठवड्यात घसा बसला. मग गुडघ्याने सांगायला लागले. एका बाजूला पाय सोडून बसलं की तोंड डावीकडे होतं, उजवीकडचं दिसत नाही. म्हणून पँट शिवली."

 अकरा वर्षं. उन्हात, पावसात, गर्दीत, रोज चाळीस किलोमीटर. एक क्षण डुलकी नाही, इकडेतिकडे बघणं नाही, दुकानातल्या कापडावर नजर जाणं नाही. आम्ही मागच्या सीटवर बसून काय करतो? गाणी ऐकतो, पेंगतो. ही बाई अकरा वर्षं अर्धा रस्ता डोळ्यांत धरून बसली होती, आणि गाडीच्या उजव्या अंगाला एक ओरखडा नव्हता. भर रस्ता होता म्हणून, नाहीतर त्या पायरीवरच तिचे पाय धरले असते.

"आम्ही तुला शेपूट म्हणायचो," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर डोळ्याचं सांगावं लागलं असतं ना," मामी म्हणाली. "चल, ते घरी एकटे आहेत."

घरी आल्यावर मी मामावर जे तोंडसुख घ्यायला लागले ते थांबेचना. दुसऱ्या कुणाचा जीव गेला असता तर? हिचा गेला असता तर? मामाने सगळं ऐकून घेतलं. मग रेडिओ बंद केला.

"तीन आठवड्यांपूर्वी ही अंघोळीला गेली तेव्हा मी गाडी काढली होती," तो म्हणाला. मामी दारातच थबकली. तिला हे ठाऊक नव्हतं. "म्हटलं, बघू तर, काय होतंय. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि थांबलो. आणि पोरी, मी निघेचना. मागून हॉर्नवर हॉर्न. लोक शिव्या देतायत. मी आपला उभा. मग माझ्या लक्षात आलं, मी गुडघ्याची वाट बघतोय. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने गाडी ढकलत घरी आणून दिली. त्याला सांगितलं, पेट्रोल संपलं."

"आणि तरी विकू देत नव्हतास?"

"गाडी गेली की ही पुन्हा काज-बटणाला बसेल," मामा म्हणाला. "मग मी कुठे जाणार?"

 मामी आत जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन आली आणि ग्लास त्याच्या हाताशी लागेल असा धरला.

मी पार्सलवाल्या गृहस्थाला फोन केला. शनिवारी सकाळी तो आला. मी मामीला बजावलं होतं, आज तू बसायचं नाहीस. ती पायरीवर बसली. तेवढ्यात मामा बाहेर आला. त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून दडवलेली किल्ली काढून त्या माणसाच्या हातावर ठेवली.

"गाडीत खोट नाही," तो म्हणाला. "मला उजवा डोळा नाही. अकरा वर्षं ही मागे बसून मला रस्ता सांगत होती. परवा तुम्हालाही तेच सांगत होती. तिला सवय झालीय, राग मानू नका."

आपल्या डोळ्याबद्दल मामा कुणा परक्याशी पहिल्यांदाच बोलत होता. त्या गृहस्थाने वळून मामीकडे बघितलं. दिवसाला साठ-सत्तर घरं हिंडणारा माणूस, रस्ता म्हणजे काय ते त्याला कुणी सांगायला नको होतं. तो खाली वाकला, मामीला नमस्कार केला आणि मग गाडीवर बसला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत पायरीवर बसलेल्या मामीचा उजवा गुडघा हलत होता. एकदा. मग दोनदा.

त्याने भाव केला नाही. कागद झाले, गाडी गेली. दारासमोर तेलाचे दोन डाग उरले. मामीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच डोळ्यांना पदर लावला, म्हणजे नक्की काय वाटलं ते तिलाच ठाऊक.

तासाभराने दोन गल्ल्या पलीकडच्या शिंप्याचा फोन आला, मशीन अडलंय. मामा उठला. मामीने बॅग घेतली. मी त्यांच्याबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. रस्त्याच्या कडेला मामी सवयीने त्याच्या उजवीकडे उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आता काचबिंदूने डाव्या डोळ्यालाही अंधूक दिसतंय, म्हणून ती डावीकडे आली. मग पुन्हा उजवीकडे. अकरा वर्षांत मी तिला पहिल्यांदाच गोंधळलेली बघत होते.

"अहो, कुठल्या बाजूला उभी राहू?" तिने विचारलं.

मामाने हात पुढे केला, चाचपून तिचा खांदा शोधला आणि त्यावर ठेवला.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "मी येतो मागून."