शुद्धिपत्राने उघडलेलं इंजिन

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली ‘शुद्धिपत्र’ म्हणते. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून ते सुखावतात, असा मला दाट संशय आहे. एकतीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्तीनंतर तपासायला कागद उरले नाहीत, म्हणून ते औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं, दुकानांच्या पाट्या आणि माणसं तपासू लागले. मी सून म्हणून या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात माझी किराणा मालाची यादी तांबड्या शाईने दुरुस्त होऊन दुकानदाराकडे गेली. दुकानदाराला ती वाचता आली नाही. सामान निम्मंच आलं, आणि चूक अर्थातच दुकानदाराची ठरली.

चूक नेहमी दुसऱ्याचीच असे. छापखान्यात ती खिळे जुळवणाऱ्याची असे, घरात माझी, आणि गाडीच्या बाबतीत दिव्याची. कारण गाडीतला तेलाचा लाल दिवा दोन आठवडे पेटत होता, आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, निदान केलं होतं की दिवा चुकतोय.

दिवा चुकत नव्हता. चढ लागला की बोनेटखालून कुणीतरी हातोडी मारल्यासारखा आवाज येऊ लागला आणि एका शुक्रवारी गाडीने रस्त्यातच मान टाकली. चौघांनी ढकलत ती घराच्या शेडमध्ये आणली. बाबा मागून चालत ढकलणाऱ्यांची पद्धत सुधारत होते.

गाडी जुनी होती, भंगारात गेली असती तरी मला सोयरसुतक नव्हतं. पण तिच्यावर आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुरुवार अवलंबून होते. आईंची थोरली बहीण गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात असते, आई दर गुरुवारी तिला भेटायला जातात. मावशींची आठवण पार विरत चालली आहे. पोटच्या मुलालाही त्या ‘आपण कोण?’ म्हणून विचारतात. ओळखतात ते फक्त आईंना. डॉक्टर म्हणाले होते, येत राहा, खंड पडला तर काही सांगता येत नाही. आईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. फोनवर मावशींना आवाज ओळखू येत नाही.

“भाड्याची गाडी करू या,” मी म्हटलं.

“परक्याच्या गाडीत कशाला?” बाबा म्हणाले. “ही परवापर्यंत होतेच आहे. इंजिन म्हणजे काय, पुस्तकच. उघडायचं, चूक शोधायची, मिटायचं.”

आईंनी विश्वास ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही ठेवला, याचा मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो.

खरं तर मागच्याच गल्लीत गॅरेज होतं. पण त्याच्या पाटीवर ‘इंजिन दुरूस्ती’ असं लिहिलेलं होतं, रूला दीर्घ ऊकार. बाबांनी चार गिऱ्हाइकांदेखत मालकाला सुनावलं होतं, “ज्याला दुरुस्ती लिहिता येत नाही, तो ती करणार काय?” तेव्हापासून बाबा दिसले की गॅरेजवाला दुसऱ्या फुटपाथवर जायचा.

तेव्हा काम घरीच सुरू झालं. नवरा कामासाठी परगावी, म्हणून बॅटरीचा उजेड धरायला मी. गाडी लोखंडी तिवयांवर चढवली आणि बाबा सतरंजी घालून तिच्याखाली शिरले. तळाचं तेलाचं चेंबर उतरवलं, तर त्यात काळ्या तेलाबरोबर जरीसारखी चमचमणारी धातूची पूड. आत पिस्टनचे दांडे क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या कण्याला, जिथे धरतात तिथे पातळ अर्धगोल बेअरिंगं असतात. त्यांचा रुपेरी थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. नशिबाने क्रँक वाचला होता.

“बघ,” बाबा खालून म्हणाले, “मूळ मजकूर ठीक आहे. फक्त विरामचिन्हं गेली.”

नवी बेअरिंगं यायला दहा दिवस लागले. त्यात एक गुरुवार गेला. बसवायला घेतली तर सोबत आलेल्या पुस्तिकेतलं मराठी सुधारण्यातच बाबांचे दोन दिवस खर्च झाले. त्यात दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात चारही बेअरिंगं बसली, ती धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या चारही टोप्या आवळून झाल्या. मग पाना लावून क्रँक फिरवायचा. क्रँक हलेना. बाबांनी जोर केला, मी पान्याला पाइप अडकवून लोंबकळले, तरी ढिम्म.

“नवीन आहे, घट्ट असणारच,” बाबा म्हणाले. संध्याकाळी त्यांचं मत बदललं: बेअरिंगं बनवणारा चुकला होता. दुसऱ्या दिवशी पुस्तिकेचा अनुवादक चुकला. तो गुरुवार होता. आई दुपारी गुरुवारची नेहमीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसल्या होत्या. पाच वाजता त्या आत गेल्या आणि साडी बदलली. मला शेडमधला पाना उचलून सासऱ्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई काठी टेकत एकट्याच बाहेर पडल्या. अर्ध्या तासाने परतल्या तेव्हा त्यांच्यामागे गॅरेजवाला होता.

“काकूंसाठी आलोय,” त्याने शेडच्या दारातच स्पष्ट केलं, आणि तो गाडीखाली शिरला. मग खालून हसण्याचा आवाज आला.

“काका, या टोप्या काढल्या तेव्हा त्यांच्यावर कोरलेले आकडे कसे होते?”

“उलटे,” बाबा म्हणाले. “एक ते चार, चारही उलटे. कुणीतरी गाढवाने चुकीच्या बसवल्या होत्या. मी सुलट्या केल्या.”

“आकडा वाचायला नसतो हो. तुम्ही गाडीखाली डोकं मागे करून झोपलात म्हणून तो उलटा दिसला. ही बारीक रेघ बघा, ती दांड्यावरच्या रेघेला मिळायला पाहिजे. तुम्ही चारही टोप्या फिरवल्यात. क्रँकचा गळाच आवळलात की.”

बाबा गाडीखाली वाकले आणि एकेका टोपीवरची रेघ बोटाने तपासत राहिले. मी वाट पाहत होते, आता चूक आकडा कोरणाऱ्याची निघेल. पण वर आलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी आईंकडे पाहिलं, आई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. ते सतरंजीवर आडवे झाले आणि टोप्या सोडू लागले. गॅरेजवाला शेजारी झोपून रेघा दाखवत राहिला. प्रत्येक टोपी आवळली की ते क्रँक फिरवून बघत. चारही वेळा तो फिरला.

पुढच्या गुरुवारी बाबांनी गाडी चालवली. आवाज अगदी गोड होता. तरी मी मागे बसून सबंध रस्ताभर तेलाच्या दिव्यावर नजर ठेवली.

मावशी खिडकीपाशी स्वेटरची बटणं लावत बसल्या होत्या. आई त्यांच्यासमोर काठी धरून उभ्या राहिल्या. मावशींनी वर पाहिलं आणि पाहतच राहिल्या. आईंची काठीवरची बोटं पांढरी पडली होती.

“किती उशीर,” मावशी म्हणाल्या. “कुठे होतीस इतके दिवस?”

आई मटकन खुर्चीत बसल्या.

“माझी चूक झाली, ताई,” बाबा म्हणाले. “मी इंजिन चुकीचं जोडलं, म्हणून हिला येता आलं नाही.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं, “किती उशीर. कुठे होतीस इतके दिवस?”

बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मला हसू आलं. पाचव्यांदा मात्र मी बाहेरची झाडं बघत उभी राहिले. त्या दुपारी त्यांनी ते सात वेळा म्हटलं, एक अक्षरही न बदलता, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

निघताना मावशींनी आईंचा हात धरून जवळ ओढलं आणि बाबांकडे बोट केलं.

“हे कोण गं?”

“माझे मिस्टर.”

“भले वाटतात. चूक झाली की लगेच सांगतात.”

आईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली होती.

“हो,” आई म्हणाल्या, “स्वभावच आहे त्यांचा.”