गॅरेजातला जलसा

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि चढलो तीही यंत्रांची ड्रॉइंगं शिकायला. मराठीत सलग दोन पानं मी शाळा सुटल्यापासून लिहिलेली नाहीत. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्या घरी मी जेमतेम दोन वर्षं राहिलो, तेही भाड्यानं, बेसमेंटमध्ये. एवढ्या ओळखीवर एखाद्या माणसाचं चित्र काढायला बसणं हा आगाऊपणाच. तरी बसलो आहे, कारण मला त्यांना जे सांगायचं आहे ते आता बोलून सांगता येत नाही. का, ते पुढे येईल.

तर पहिलं वाक्य हिंमत करून लिहून टाकतो. आमच्या घरमालक काकाजींइतकं जीव लावून गाणं ऐकणारा माणूस अख्ख्या कॅनडात दुसरा नव्हता. गाणं म्हणजे तुम्हाला वाटतं ते नव्हे. काकाजी नागपूरचे, कॅनडातल्याच केंब्रिज गावी एका कारखान्यात गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर त्यांची नोकरी, दर रविवारी विहारात जाणार, जयंतीच्या मंडपाच्या खुर्च्या स्वतः मांडणार. असा माणूस सुट्टीच्या दिवशी हॅमिल्टनच्या कुठल्यातरी पडक्या हॉलमध्ये, निळ्या-हिरव्या केसांच्या पोरापोरींच्या गर्दीत, पंक, म्हणजे कानठळ्या बसवणारं इंग्रजी रॉक, ऐकत उभा असे. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी एखाद्या शेतातल्या फेस्टिव्हलमध्ये घडीची खुर्ची टाकून अमेरिकाना, म्हणजे तिकडची गिटार-बँजोवरची गावरान गाणी. हा शब्द मी त्यांच्याकडूनच प्रथम ऐकला. "त्यात काय आहे बाबू," ते म्हणाले होते, "अमेरिकाना म्हणजे शेतात बसून रडणं, अन् पंक म्हणजे रस्त्यावर उभं राहून ओरडणं. दोन्ही पोटातून आलं पाहिजे. गळ्यातून आलं की समजायचं, हा कंपनीचा माणूस आहे." बँजो ऐकताना ते शेजारच्या गोऱ्या माणसाला न चुकता सांगत की हे आमच्याकडचं तुणतुणं आहे, फक्त शिकलेलं. शेजारचा माणूस कॅनडियन असल्यामुळे नम्रपणे मान हलवी.

बँड पारखण्याची त्यांची एकच कसोटी होती. जो गाणारा कार्यक्रम संपल्यावर खाली उतरून आपल्या बँडचे टीशर्ट आपण विकतो, तो खरा. एकदा त्यांचा एक आवडता बँड नावारूपाला आला, मोठ्या स्टेडियममध्ये त्याचा कार्यक्रम लागला, आणि काकाजी चार दिवस घरात सुतक असल्यासारखे वागले. काकूंनी विचारलं, "कोण गेलं?" काकाजी म्हणाले, "गेले ते. त्यांचे टीशर्ट आता दुसराच कोणी विकून राहिला." पंकच्या गर्दीत धक्काबुक्की फार होते, म्हणून ते कारखान्याचे लोखंडी टोकाचे बूट आणि अंगात चमकत्या पट्ट्यांचं केशरी जाकीट घालून जात. परिणाम असा व्हायचा की पोरं त्यांना सिक्युरिटी समजत. दोन मुलं हमरीतुमरीवर आली तर त्यांच्याकडे बघून आपोआप शांत होत. एकानं तर त्यांना वॉशरूम कुठे आहे म्हणून विचारलं, आणि काकाजी त्याला हाताला धरून पोचवून आले. वर मला म्हणाले, "पाहिलं? लोकांचा विश्वास आहे आपल्यावर." कारखान्यात ते कानात न चुकता फोमचे बोळे घालत, पण गाण्याला गेले की काढून खिशात ठेवत. मी एकदा म्हटलं, "काकाजी, उलट इथेच जास्त जरूर आहे." तर म्हणाले, "पाहुण्याच्या तोंडावर दार लावते का कोणी?"

पाहुणे हा त्या घराचा दुसरा कार्यक्रम. हे छोटे बँड एका खटारा व्हॅनमधून गावोगाव फिरतात, आणि कोणी घरी झोपायला जागा दिली तर त्यांना हवीच असते. काकाजी ती देत, आणि ती जागा माझ्या खोलीबाहेर असे. आठच्या लेक्चरला निघताना मी दार उघडावं तर समोर चार-पाच माणसं सतरंजीवर ओळीनं निजलेली, उशाला गिटारी. मी बूट हातात घेऊन, कोणाच्या दाढीवर पाय पडणार नाही अशा बेतानं, त्यांच्यावरून ढांगा टाकत बस गाठली आहे. काकूंचा आधी याला कडाडून विरोध होता. पण पंकवाल्यांतले पुष्कळसे दूध-तूपही न खाणारे निघाले. काकू म्हणाल्या, "मग सोपंच झालं. पिठलं करते." सगळ्या अंगावर गोंदवलेली एक मुलगी तीन भाकऱ्या खाऊन उठली आणि सगळ्यांची ताटं घासून ठेवून गेली. त्या दिवसापासून विरोध संपला. "अंगभर सापच साप आहेत हो, पण पोरीला वळण आहे," काकू विहारात सगळ्यांना सांगत होत्या.

मी एकदा भीत भीत विचारलं की हे सगळं कशासाठी. काकाजी त्या वेळी गॅरेजात गाडीचे बर्फासाठी लावलेले विंटर टायर उतरवत होते. हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले, "माझा बाप जलशात ढोलकी वाजवत होता. दिवसा मजुरी करायचा अन् मग गावोगाव पायी फिरून लोकांना जागं करायचा. त्यांना कोणी हॉटेल दिलं होतं का? कोणाच्या तरी पडवीत निजायचे, कोणाची तरी भाकर खायचे. त्या घरांची नावं मला माहीत नाहीत. मग मी फेडू कोणाला? जो दारात येते त्याला." एवढं बोलून ते पुन्हा टायरला लागले. मला त्यावर काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी "बरोबर आहे" म्हणालो आणि असाइनमेंट आहे म्हणून खाली गेलो.

आता पॉडकास्टकडे येतो, म्हणजे माझ्या अपराधाकडे. ऐकलेल्या प्रत्येक कार्यक्रमाविषयी काकाजी मराठीतून एक पॉडकास्ट करत. नाव 'गॅरेजातला जलसा', कारण तो गॅरेजातच रेकॉर्ड होई. भोवती टायरांची चळत रचली की आवाज घुमत नाही, हा त्यांचा शोध. तास-तासभर ते त्या टायरांच्या विहिरीत बसून बोलत. केंब्रिजमध्ये बसून पंकवर मराठीत बोललेलं कोण ऐकणार, असं कोणी विचारलं तर म्हणत, "एक जण ऐकते." तो एक जण मी होतो. आणि मी ऐकत नव्हतो.

दर सोमवारी जिन्यात भेट झाली की ते विचारत, "ऐकला का बाबू?" मी म्हणे, "हो काकाजी, मस्त." पहिल्यांदा संकोचानं म्हणालो होतो, मग सवय झाली. एका सोमवारी त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "त्यातलं कोणतं आवडलं?" माझी गाळण उडाली. मी म्हणालो, "शेवटचं." काकाजींचा चेहरा असा उजळला की मला आजही तो बघवत नाही. "शेवटचं! म्हणजे तू पूर्ण ऐकते." तेव्हापासून ते माझं ठरलेलं उत्तर झालं. शेवटचं आवडलं. खरं सांगायचं तर बसमध्ये माझ्या कानात मुलाखतीत काय बोलावं, रेझ्युमे कसा लिहावा, असलेच पॉडकास्ट चालू असत. मला लवकर कोणीतरी व्हायचं होतं, आणि टायरांमध्ये बसून बोलणाऱ्या माणसाकडून त्यासाठी काही मिळेल असं मला वाटत नव्हतं.

माझ्या शेवटच्या उन्हाळ्यातला एक शनिवार. बेसमेंटची खिडकी जमिनीलगत, त्यामुळे तिच्यातून मला माणसं गुडघ्यापर्यंतच दिसत. सकाळी सहाच्या सुमारास जाग आली तर काकाजींचे ते लोखंडी बूट गाडीपाशी येरझाऱ्या घालत होते. त्यांनी डिकीत घडीच्या दोन खुर्च्या ठेवल्या. मला वाटलं, आज काकूही फेस्टिव्हलला निघाल्या. बूट थांबले, पुन्हा चालू लागले, असं बराच वेळ झालं. मग ते खिडकीपाशी आले आणि गुडघे वाकले. काकाजी खाली बघणार हे ओळखून मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, काहीतरी उचलायला बोलावतील. काच वाजली नाही. थोड्या वेळानं गाडी गेली. नंतर वर स्वयंपाकघरात काकूंची पावलं वाजली, तेव्हा त्या गेल्या नाहीत एवढं लक्षात आलं. त्यापुढे मी विचार केला नाही.

रविवारी ते परतले. "झोपला होता काल?" त्यांनी विचारलं.

"हो काकाजी. कसं झालं?"

"चांगलं झालं," ते म्हणाले. "तुझा अभ्यास कसा चालू आहे?"

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले, पण 'ऐकला का' म्हणाले नाहीत. नंतर कधीच म्हणाले नाहीत. मला, लिहितानाही लाज वाटते, सुटल्यासारखं झालं होतं.

पुढे मला कॅल्गरीला नोकरी लागली. निघताना त्यांनी मला एका बँडचा टीशर्ट दिला, माझ्या मापाचा. तिकडून मी अधूनमधून फोन करत असे. काकाजींनी तो कधी घेतला नाही, दर वेळी काकूच बोलायच्या आणि "ते गॅरेजात आहेत" म्हणायच्या. मला वाटलं, रागावले असतील. मग मीही फोन कमी केले. या हिवाळ्यात काकू एकदाच्या बोलल्या. "ते रागावले नाहीत रे. त्यांचे कान गेले. मशीन लावलं तर नुसता खडखडाट ऐकू येते, शब्द समजत नाहीत. गाणं तर नाहीच. तुला सांगू नको म्हणाले होते. पोराला उगाच कशाला, म्हणे."

प्रेसनं नेले की लाऊडस्पीकरनं, कोण जाणे. फोन ठेवला आणि त्यानंतर मी पहिल्यांदा 'गॅरेजातला जलसा' उघडला. त्या शनिवारच्या आधीचा भाग शोधला आणि सुरुवातीपासून ऐकायला लागलो. पाऊण तास एका बँजोवाल्या मुलीविषयी आहे, आणि मध्येच ते इतके हसतात की टायर पडल्याचा आवाज येतो. मग शेवटी, खोकून, जरा हळू आवाजात:

"आता हे शेवटचं, शेवटपर्यंत ऐकणाऱ्यासाठी. डॉक्टर म्हणते, कान फार दिवस साथ देणार नाहीत. आजवर सगळं एकट्यानंच ऐकलं. म्हटलं, एक डाव कोणाला सोबत घेऊन ऐकावं, म्हणजे पुढे मी विसरलो तर त्याला विचारता येईल. तुझं तिकीट काढलं आहे बाबू. काकू दोघांचा डबा करणार आहे. शनिवारी सकाळी सहाला गाडीपाशी ये. अभ्यास असला तर राहू दे, मी काही तुला उठवणार नाही."