डिंकाची शिंगं

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका सरकारी कचेरीत जावक कारकून होतो. जावक म्हणजे दुसऱ्यांची पत्रं. घडी घाला, लिफाफ्यात कोंबा, डिंक लावा, शिक्का मारा. आत काय लिहिलंय ते कुणी सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. संध्याकाळी बोटं चिकट आणि डोकं भणभणलेलं. वरणात मीठ जरा कमी पडलं की दिवसभराचा राग त्या वरणावर निघायचा. वर रोजचा एकच धोशा, देतो राजीनामा.

बायको घाबरायची. तिचं माहेर रामटेककडचं, धानाच्या शेतीवालं. ठरल्या तारखेला हातात पडणारा पगार ही काय चीज असते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

एकदा तिनं मोडका पाट हातात देऊन मला लकडगंजला पिटाळलं. तिथं एक म्हातारा सुतार रंधा मारत होता. सागाचे पातळ छिलके गोल गोल होऊन पडत होते. पाट दुरुस्त झाला तरी माझा पाय काही निघेना.

"नुसते पाहून काय राहिले बाबूजी? धरा रंधा," म्हातारा म्हणाला.

धरला. रंधा अडकला, अंगठा सोलला, आणि काय सांगू, मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर सायकल आपोआप तिकडे वळली. मग रोजच वळायला लागली.

पावसाळा लागेस्तोवर मी घरी जाहीर करून टाकलं, नोकरी सोडतो आणि सुतारकाम करतो. बायकोचं लाटणं थांबलं.

"पहिले पोरीले तान्ह्या पोळ्याचा बैल बनवून द्या," ती म्हणाली. "मिरवून धडधाकट घरी आला, तर द्या राजीनामा. मी आडवी येणार नाही."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात आणि घरोघर बोजारा मागतात. कुणी चिल्लर देतं, कुणी खाऊ. माझा बैल झकास झाला. वशिंड, शेपूट, चाकं, सगळं जागच्या जागी. शिंगं तेवढी राहिली होती. भोक पाडून खुंटी ठोका, असं म्हाताऱ्यानं बजावलं होतं. पण इतकी वर्षं डिंक लावण्यात घालवलेल्या माणसाला चिकटवायला कुणी काय डोंबल शिकवायचं? मी कचेरीतल्यासारखाच डिंक कालवला, शिंगं चिकटवली आणि वरून बेगड लावली.

दुपारी रिपरिप सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशीच एक शिंग घसरून बैलाच्या डोळ्यावर आलं, मागोमाग दुसरं गळालं. आता पोरगी भोकाड पसरणार म्हणून मी धावलो. तिनं दोन्ही शिंगं फ्रॉकच्या खिशात टाकली आणि पुढच्या दारात जाऊन सांगितलं, "माहा बैल मारका नाही." लोक पोट धरून हसले. बोजारा तर ओच्यात मावेना.

दारात बायको आरतीचं ताट घेऊन उभी होती. बोडका बैल पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

"देता का मंग राजीनामा?"

मलाच इतकं हसू आलं की उंबऱ्यावर बसून घेतलं.

नंतरचं वर्ष मजेत गेलं. कचेरीत डिंक तोच, शिक्के तेच. पण संध्याकाळी कुठं जायचंय ते ठरलेलं असलं की माणूस लिफाफ्यांवर कशाला चिडेल? विभागातल्या डगमगत्या खुर्च्याही मी हौसेनं ठाकठीक केल्या. वरणाची तक्रार कधी बंद पडली, लक्षातही आलं नाही.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला नवा बैल, खुंटी ठोकलेली शिंगं. पाऊस धो धो पडला, तरी पोरगी अख्खा बैल घेऊन घरी आली. बायकोनं ताट एका हातात धरून दुसऱ्या हातानं शिंग हलवून पाहिलं. मग दुसरं. तिचा चेहरा उतरला.

"पक्की आहेत," ती हळूच म्हणाली. "मंग आता?"

"आता काय?"

"राजीनामा."

"कशाचा?" मी खरोखरच विचारलं.

मग तिनं आधी मला ओवाळलं आणि नंतर बैलाला.